स्पीकरसाहेबांबरोबर मिसिसॉगाला

कॅनडात पडायचंच असेल तर मॉन्ट्रियलला पडावं. तिथल्या जुन्या घरांचे जिने घराच्या बाहेर असतात. लोखंडी, आणि जिलबीसारखे वळत वळत खाली येणारे. आतली जागा वाचावी म्हणून कुणा शहाण्याने ते बाहेर काढले म्हणे. अर्धं वर्ष त्यांच्यावर बर्फ असतो, हे सांगायला बहुतेक कुणी धजलं नाही. मी गेले २०१७च्या ऑक्टोबरात. बर्फ नव्हता, पण मेपलची ओली पानं होती. माझी भाची मुग्धा दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडून नवीन कोट मिरवत मी निघाले आणि शेवटच्या पायऱ्या बसूनच उतरले.

खाली एक उंच, सावळा म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. मला उठवायला वाकला नाही. अतिशय गंभीरपणे म्हणाला, "मादाम, आसन फारच खालचं निवडलंत."

आणि मराठीत! माझ्या तोंडातलं 'आई गं' तोंडातच राहिलं. मी म्हटलं, "वरचं रिकामं नव्हतं."

तो हसला. मग त्याने हात दिला. (हात देण्याआधी हसणारा माणूस मला आवडतो. आधी हात देऊन नंतर पाठीमागे हसणारे आमच्या कोल्हापुरात पुष्कळ आहेत.)

हे साकारामजी. मूळ सखारामच, पण पणजोबांच्या बोटीवरच्या कारकुनाने लिहिताना बिघडवलेलं नाव घराण्यात तसंच फिरत राहिलं. मुग्धाच्या खालच्या मजल्यावर मुलीकडे राहत. ऊस आणि समुद्र एवढंच असलेल्या एका छोट्या बेटावरचे. पणजोबा रत्नागिरीकडून तिथे ऊस तोडायला गेलेले. मराठी अर्धं आजीकडून ऐकलेलं आणि अर्धं पुस्तकांतून उचललेलं. त्यामुळे बोलता बोलता 'तुमास काय व्हया' आणि 'आपण कृपया स्थानापन्न व्हावे' एकाच वाक्यात यायचं. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. देश एवढासा आहे की नाव लिहिलं तर घराचा पत्ताच लिहिल्यासारखं होईल. माणसांची नावंही बदलली आहेत.

"काय करत होता तिकडे?" मी विचारलं.

"गप्प बसत होतो," ते म्हणाले. "त्याचा पगार मिळत असे."

त्या देशाच्या संसदेचे ते स्पीकर होते. एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा.

खालच्या मजल्यावर

पुढचा आठवडा मी मॉन्ट्रियल पाहायला आले होते की साकारामजींना, हे मुग्धाला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी ती विमानांच्या कारखान्यात नोकरीला जायची आणि मी खाली. मी आमच्याकडे बायकांच्या मंडळांत, गणपतीत कथा सांगते. तास तासभर एकटी बोलते. अशा बाईला गप्प बसण्यात पीएच्.डी. केलेला माणूस भेटला, म्हणजे विहीर आणि पोहरा भेटल्यासारखंच.

ते मला पुतिन खायला घेऊन गेले. बटाट्याचे तळलेले लांब काप, त्यावर चीजचे ढेकळासारखे तुकडे आणि त्यावर गरम तपकिरी रस्सा. मी मिसळीच्या गावची. तर्री ओळखते. हा रस्सा तर्रीचा घरजावई होऊन मवाळ झालेला भाऊ वाटला. पर्समधून ठेच्याची डबी काढली आणि एक बोट वर लावलं. साकारामजींनी चाखलं, डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं.

"प्रस्ताव मंजूर," ते म्हणाले.

त्यांचे वडील ऊस तोडायचे. हे शिकले, कोर्टात दुभाषी झाले. साक्षीदार काय बोलला ते एक शब्द कमी-जास्त न करता सांगायचं, हीच त्यांची विद्या. धाकटा भाऊ गणू मात्र बोलणारा. उसाच्या फडात, कोळ्यांच्या वस्तीत, लग्नात, मयताला, कुठेही उभा राहिला की माणसं काम टाकून ऐकायची. तो निवडून आला आणि पुढच्या खेपेला थोरल्यालाही त्याने उभं केलं. "माझं मत म्हणजे गणूच्या आवाजाला पडलेलं मत," साकारामजी म्हणाले. "मला लोकांनी निवडलं कारण मी त्याच्या शेजारी उभा होतो."

आणि स्पीकर केलं कारण त्यांचा राग कुणालाच येत नसे.

निवडणूक झाली की नव्या स्पीकरने त्या खुर्चीकडे आपणहून जायचं नाही. नको नको म्हणायचं, बाकाला धरून ठेवायचं, आणि सोबत्यांनी ओढत न्यायचं, अशी तिथली रीत. पूर्वी विलायतेत राजाला नको ते सांगण्याच्या पायी स्पीकरांची डोकी गेली म्हणे, म्हणून हा नकार. मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. तिथेही दोघांना माहीत असतं की हे नाटक आहे, तरी कान लाल होतोच.

"बरोब्बर," ते म्हणाले. "मला ओढायला गणूच होता. एवढ्या जोरात ओढलं की कोटाची बाही उसवली. अख्खं सभागृह हसत होतं. मी पण. तो माझ्या कानाशी म्हणाला, 'चल दादा, आता आईला सांगू की तुला शेवटी बसायला जागा मिळाली.'"

एवढं बोलून ते थांबले. पुढचं त्यांनी मला गाडीत सांगितलं.

आगगाडीत

गाडीचं असं झालं. टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसॉगाहून गणूच्या मुलीचा, शीलाचा फोन आला. गणू म्हणजे तोवर गणूकाका झालेले, आजाराच्या शेवटाला आलेले. घरून हलवून, जिथे फक्त दुखणं कमी करतात अशा एका ठिकाणी ठेवलेले. शीला म्हणाली, "काका, बाबा बोलावत नाहीयेत. पण परवा मी विचारलं, तर नाही पण म्हणाले नाहीत."

साकारामजींच्या मुलीची, लताची, हॉस्पिटलात ड्यूटी. मुग्धा मला टोरोंटोला नेणारच होती, तिला ऐन वेळी ऑफिसने अडकवलं. तेव्हा ठरलं, मी आणि साकारामजी. लता मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, पापांकडे लक्ष द्या." साकारामजींनी मुग्धाला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या मावशीकडे मी लक्ष देतो." अशी दोन लक्षं एकमेकांवर ठेवून आम्ही निघालो.

खिडकीबाहेर लाल-पिवळी झाडं इतका वेळ सरकत राहिली की माझ्या डोळ्यांना अजीर्ण झालं. एवढा रंग फुकट कशाला, असं वाटण्याइतकी मी अजून मध्यमवर्गीय आहे. पुढच्या सीटवर एक गोरं जोडपं भांडायला लागलं. बाई फ्रेंचमध्ये, बुवा इंग्रजीत, आणि दोघांचं एकमेकांना उत्तम समजत होतं. आवाज चढला तसे साकारामजी जरासे उठले. काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. दोघंही गप्प झाली आणि बाईने तर "सॉरी" म्हटलं!

"हे काय केलंत?" मी कुजबुजले.

"स्पीकर उभा राहिला की सदस्यांनी बसायचं असतं."

"पण त्यांना कुठे माहीत तुम्ही कोण ते?"

"उभं राहण्याची एक तऱ्हा असते, मादाम."

मग मी धपाटे काढले, आणि धपाटा हातात तसाच धरून त्यांनी सांगितलं.

गणूने एक विधेयक आणलं. समुद्रकाठी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोळ्यांच्या आणि मजुरांच्या वस्त्या सरकारी जमिनीवर होत्या. ती जमीन त्या त्या घराच्या नावे करून द्यावी, एवढंच. त्यातल्याच एका वस्तीत त्यांच्या आईचं पत्र्याचं घर. गणूने सगळी मतं एकेक करून गोळा केली होती. मतदानाच्या दिवशी त्याच्या बाजूचा एक सदस्य सासऱ्याच्या तेराव्याला गेला तो पुराने पूल बुडाल्यामुळे पलीकडेच अडकला. मतं झाली समसमान.

अशा वेळी स्पीकरने मत द्यायचं.

"मग तुम्ही दिलंत ना?" मी म्हटलं. मला गोष्ट संपत आलीसं वाटलं.

"मादाम, त्याचीही एक रीत आहे. स्पीकर म्हणून मिळालेलं मत स्वतःचं नसतं. सभागृहाला बहुमत करता आलं नाही, तर ते एकट्या स्पीकरने करायचं नसतं. जे आहे ते तसंच ठेवायच्या बाजूने मत द्यायचं. पुन्हा आणा, पुन्हा मांडा, पण माझ्या एकट्याच्या हातून कायदा नको. कुठे लिहिलेलं नाही. पण माझ्याआधी त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने पाळलेलं."

"लिहिलेलं नाही?"

"नाही."

"मग?"

"मी 'नाही' म्हटलं."

विधेयक पुन्हा आलंच नाही. सरकार पडलं, निवडणूक झाली, काठावर हॉटेल आलं. वस्ती उठली. आईला आत डोंगराकडे एका इमारतीत खोली मिळाली. तिथून समुद्र दिसत नसे. दर रविवारी दोघं मुलगे जेवायला जात, तसे पुढेही गेले. फक्त त्या दिवसापासून गणूने त्यांना दादा म्हणणं सोडलं. घरीसुद्धा हाक मारायची ती एकच, मिस्टर स्पीकर, सर. 'मिस्टर स्पीकर, सर, मीठ पुढे करावं.' आई गेली तेव्हा चितेपाशी सगळ्यांसमोर वाकून म्हणाला, 'मिस्टर स्पीकर, सर, आपण थोरले. आपण पुढे व्हावं.'

"ओरडला असता, मारलं असतं तर बरं होतं," साकारामजी म्हणाले. "पण त्याने मला कायम त्या खुर्चीतच बसवून ठेवलं. मी तिथून निवृत्त झालो, देश सोडला, तरी उतरू दिलं नाही."

पुढे गणू मुलीकडे मिसिसॉगाला आला आणि हे मुलीकडे मॉन्ट्रियलला. एवढ्या अफाट देशात दोघं भाऊ एकाच रेल्वेच्या दोन टोकांना राहत होते. भेटले नव्हते.

"आता काय हवंय तुम्हाला त्यांच्याकडून?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मी असलीच.

"माफी नको," ते म्हणाले. "मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. त्याने एकदा दादा म्हणावं."

आणि त्यांनी धपाटा खाल्ला. थंड झाला होता, तरी सगळा खाल्ला.

मिसिसॉगा

शीला न्यायला आली होती. चाळिशीची, गोड, बोलताना भाषांची कोशिंबीर करणारी. गाडी पार्किंगमधून काढता काढताच तिने सांगितलं, "काका, यू शुड नो. बाबा गेले काही महिने वेगळंच बोलतात. आधी तुमचं नाव निघालं की रूममधून उठून जायचे. आता म्हणतात, मत दादाने दिलं नाही, खुर्चीने दिलं. त्याचे हात बांधलेले होते. त्याच्या जागी देवही असता तरी दुसरं काही करता आलं नसतं. असं म्हणाले की मग शांत झोपतात."

"दादा म्हणाला? माझ्यामागे?"

"ऑल द टाइम."

साकारामजींनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर एका मोठ्या दुकानासमोर माणसं गाड्यांचे टायर बदलून घ्यायला रांगेत उभी होती. थंडीचे वेगळे टायर लागतात तिथे. आपण पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, तसे ते टायर शाकारतात. हे मी मोठ्याने म्हटलं. कुणी हसलं नाही. मग मीही गप्प बसले, जे फार क्वचित होतं.

ती जागा हॉस्पिटलसारखी नव्हती. गालिचा, चित्रं, सुपाचा वास. गणूकाका उशांना टेकून बसले होते. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण डोळे असे खट्याळ की मी पाहिल्याबरोबर ओळखलं, हा आपल्या धंद्यातला माणूस.

साकारामजी दारातच थांबले. खरं सांगते, ते चौकटीला धरून उभे होते.

"मिस्टर स्पीकर, सर," गणूकाका म्हणाले. आवाज कागदासारखा झाला होता, पण फेक तीच असणार. "या. कुणीतरी ओढून आणलेलं दिसतंय."

"या मादामनी."

"बाही उसवली नाही ना?"

दोघंही हसले. शीलाने माझा हात दाबला. मला वाटलं, झालं. एवढ्यासाठी इतकी वर्षं! तिने सूप आणलं, साकारामजींनी भावाच्या हनुवटीखाली रुमाल धरला. दोन घोट गेले. आजीच्या हातचं माशाचं कालवण, बापाचा कोयता, कुणा चुलत्याचं गाढव, असं काय काय निघालं. पण हाक तीच. मिस्टर स्पीकर, सर. आता तिला धार नव्हती, चेष्टा होती. तरी दरवेळी साकारामजींचा चेहरा किंचित वर व्हायचा आणि खाली यायचा.

मग गणूकाकांनी सूप बाजूला सारलं. "मिस्टर स्पीकर, सर. मला सभागृहासमोर एक विधेयक मांडायचं आहे."

"गणू, राहू दे आता."

"परवानगी आहे की नाही?"

साकारामजींनी आमच्याकडे पाहिलं. मग पाठ ताठ करून बसले. "सन्माननीय सदस्यांना परवानगी आहे."

आणि तो माणूस बोलला. दम लागत होता, मधेच थांबत होता, पण बोलला. कायदा वगैरे काही नाही. त्याने नुसती घरं सांगितली. पहिलं घर कुणाचं, त्याच्या दाराशी काय वाळत घातलेलं, दुसरं कुणाचं, त्याच्या पत्र्यावर कसले दगड ठेवलेले. तिसऱ्या घरातली म्हातारी भरती आली की पाय न उचलता खाटेवरूनच शिव्या द्यायची. असं करत करत वस्तीच्या टोकाला आपल्या आईच्या दारापर्यंत आला आणि थांबला. मी आयुष्यभर माणसांना रडवण्याचे पैसे घेतले. असं मला कधी जमलं नाही, जमणार नाही.

"मतं समसमान आहेत," गणूकाका म्हणाले. "मिस्टर स्पीकर, सर. आपलं मत."

शीला साकारामजींच्या पाठीशी वाकली. "काका, प्लीज. हो म्हणा ना. इट कॉस्ट्स नथिंग नाउ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

साकारामजी उठले. गाडीत उभे राहिले होते तसे नव्हे. म्हातारी माणसं उठतात तसे, पलंगाच्या कडेला धरून. बराच वेळ लागला त्यांना.

"होय," ते म्हणाले. "माझं मत होयच्या बाजूने."

शीलाने टाळी वाजवायला हात जवळ आणले होते, ते तसेच राहिले. कारण गणूकाका हसत नव्हते. ते भावाकडे बघत होते. डोळ्यांतला खट्याळपणा जाऊन तिथे एका लहान मुलाचं आश्चर्य आलं होतं. तेव्हा मला कळलं, ते 'नाही' ऐकायला बसले होते. पुन्हा एकदा तेच 'नाही', म्हणजे दोघांना मिळून हसता आलं असतं.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "होय म्हणता येत होतं तुला, दादा."

एवढंच. मग त्यांनी मान खिडकीकडे केली. हात मात्र काढून घेतला नाही. साकारामजी तो हात धरून उभेच राहिले. शीलाने खुर्ची मागे सरकवली तरी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. गणूकाका औषधाने झोपलेले होते. जागे झाले तेव्हा शीलाशी बोलले, माझ्याशी दोन शब्द बोलले, भावाच्या हातून पाणी प्यायले. हाक मारली नाही. ना ती, ना ही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

कोल्हापूर

मी परतल्यावर लोकांनी विचारलं, नायगारा पाहिला का? पाहिला. पुष्कळ पाणी आहे.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा मॉन्ट्रियलहून फोन आला. आवाज बारीक, पण भाषा तीच.

"मादाम, आपण त्या प्रसंगी उपस्थित होता. लिहिता-सांगताही. कधी लिहिलंत तर एक विनंती होती."

"बोला ना."

"स्पीकरला एक अधिकार असतो. सदस्याच्या बोलण्यातले काही शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगता येतात. गणूच्या त्या वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा ठेवा. आधीचे काढून टाका."

मी गॅस बंद केला. म्हटलं, "ठीक आहे, साहेब. काढते."

मी फोन ठेवणार, तोच पलीकडून आवाज आला.

"नाही," ते म्हणाले. "राहू द्या. असभ्य, असंसदीय असेल तेच काढता येतं. त्यात तसं काही नव्हतं."